अगस्त्याचा पळपुटा शेजारी

जानेवारीत वीकेंडला गँग घेऊन निघणार असाल, तर भोरच्या बाजूला जा. ज्याला भेटायचंय तो दक्षिणेला, क्षितिजापासून अडीच मुठींवर असतो. पुण्याचा झगमगाट पाठीमागे राहिलेला बरा.

रात्री दहाच्या सुमारास ठळक अगस्त्य शोधा. हात लांब करून त्याच्या उजवीकडे वर साधारण दीड मूठ मोजा. इथेच काप्टाइनचा तारा! नुसत्या डोळ्यांना मात्र दिसायचा नाही, दुर्बीण आणि नकाशा हवाच.

एवढा खटाटोप कशाला? १८९७च्या सुमारास डच खगोलशास्त्रज्ञ काप्टाइन यांना जुन्या यादीतला एक तारा जागेवर सापडेना. पठ्ठ्या चक्क सरकला होता! आकाशात चंद्राच्या रुंदीएवढं सरकायला त्याला साधारण २१५ वर्षं लागतात. ताऱ्यांच्या हिशेबात हे सुसाटच. १९१६पर्यंत रेकॉर्ड त्याचाच होता, मग बर्नार्डच्या ताऱ्याने तो मोडला.

अंतर कसं मोजलं? अंगठा धरून एकेक डोळा आळीपाळीने मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा वाटतो ना? सहा महिन्यांत पृथ्वी सूर्याच्या पलीकडे जाते, तेव्हा ताराही तसाच किंचित हललेला दिसतो. त्यावरून उत्तर आलं, सुमारे १२.८ प्रकाशवर्षं.

जात सबड्वार्फ. म्हणजे जड मूलद्रव्यं कमी, त्याच रंगाच्या नेहमीच्या ताऱ्यांहून मंद. त्यातून आकाशगंगेत स्वारी सूर्याच्या उलट दिशेने, राँग साइडने फिरते! (पुणेकरांना याचं काय कौतुक म्हणा.) साधारण ११ हजार वर्षांपूर्वी तो ७ प्रकाशवर्षांवर होता. आता दूर चाललाय, सेकंदाला २४५ किलोमीटरने. पुणे-मुंबई सेकंदाच्या आत, तेही टोल न भरता.