ब्रिटिश चांदीची नाणी: चकाकी नको, साल बघा

जुनं ब्रिटिश नाणं म्हणजे शुद्ध चांदी, हा समज महागात पडू शकतो. ब्रिटनच्या शिलिंग, हाफ क्राउनमध्ये १९१९ पर्यंत ९२.५ टक्के चांदी होती. पहिल्या महायुद्धानंतर चांदी महागली आणि १९२० मध्ये प्रमाण ५० टक्क्यांवर आलं. हाफ क्राउनचं वजन मात्र सुमारे १४.१४ ग्रॅमच राहिलं. म्हणजे चांदी १३ ग्रॅमवरून ७ ग्रॅमवर. १९४७ पासून चलनी नाण्यांत तांबं-निकेल आलं.

आपल्या राजा छाप रुपयातली चांदीही १९४० मध्ये निम्म्यावर आली. त्यामुळे वजनकाट्याआधी साल तपासावं. आणि नाणं घासून चकचकीत करण्याचा मोह टाळावा. काळपट थर हा मळ नव्हे, वयाचा दाखला आहे. तो गेला की संग्राहकांच्या लेखी किंमतही उतरते.