शब्दांची जागा आणि शास्त्राचा अर्थ

आमच्या विद्यार्थ्यांस व्याकरणाचा तास आवडत नाहीं, हें आम्ही जाणून आहों. पालकही पुष्कळदां विचारतात कीं, कर्ता, कर्म आणि प्रयोग ओळखून मुलाचें पुढें काय व्हावयाचें आहे? या प्रश्नास आज आम्ही जुन्या कराराच्या, म्हणजे मूळच्या इब्री शास्त्राच्या, आधारें उत्तर देऊं इच्छितों.

'रामानें रावणास मारिलें' म्हणा किंवा 'रावणास रामानें मारिलें' म्हणा, मेला तो रावणच. प्रत्ययांनीं कर्ता व कर्म बांधून टाकलेले असल्यामुळें शब्द हलले तरी गोष्ट बदलत नाहीं. फार तर जोर बदलतो. म्हणून मराठी मुलास शब्दांच्या जागेचें महत्त्व सहसा जाणवत नाहीं. इब्री भाषेची चाल निराळी आहे. कथा सांगतांना तींत क्रियापद बहुधा प्रथम येतें, कर्ता मागून. जेथें कर्ता क्रियापदाच्या आधीं येऊन बसतो, तेथें सावध वाचक थांबतो व विचारतो, हें असें कां?

उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायाचा आरंभ पाहा. आदाम व हव्वा यांस एदेन बागेबाहेर घालविल्यानंतर लगेच तेथें काइनाच्या जन्माची हकीकत येते. साध्या वाचकास वाटतें कीं, मूल बागेबाहेरच झालें. परंतु त्या वाक्यांत आदामाचा उल्लेख क्रियापदाच्या आधीं आहे. फ्रान्स देशांतील यहूदी टीकाकार राशी (१०४०–११०५) यानें एवढ्यावरून असें ठरविलें कीं, ही गोष्ट आधींच घडून गेलेली आहे. गर्भधारणा व जन्म हीं दोन्ही पापापूर्वींचीं. क्रियापद नेहमींप्रमाणें आधीं असतें, तर मुलें बाहेर पडल्यावर झालीं असा अर्थ झाला असता, असेंही तो सांगतो. मराठींत हा भेद दाखवावयाचा तर एक 'होतें' जोडावें लागेल, आणि तें जोडतांच भाषांतरकार राशीच्या पक्षास मिळाला! न जोडावें तर दुसऱ्या पक्षास मिळाला. राशीचें मत सर्वांनीं मान्य केलेलें नाहीं. कर्ता आधीं आणून केवळ नवें प्रकरण सुरू केलें आहे, असें कित्येक म्हणतात. आम्हांसही हेंच अधिक सरळ वाटतें. तथापि मनुष्याचा पहिला पुत्र निष्पापावस्थेंत जन्मला कीं नाहीं, एवढा मोठा प्रश्न एका शब्दाच्या जागेवर उभा आहे, हें विसरतां येत नाहीं.

आतां मराठीची अडचण पाहा. त्याच ग्रंथाच्या पहिल्या वाक्यांत देवासाठीं 'एलोहीम' हा शब्द आहे. त्याचें रूप अनेकवचनी, परंतु त्याचें क्रियापद 'बारा' हें एकवचनी. नामाच्या रूपावरून कोणी अनेक देव म्हणूं लागला, तर क्रियापद त्याचा हात धरतें. ('गुरुजी आले' म्हणतांना आपणही दोन गुरुजी मोजीत नाहीं, पण आपलें क्रियापद मात्र अनेकवचनींच राहतें.) मराठींत ही साक्ष देतांच येत नाहीं. भूतकाळीं सकर्मक क्रियापद आलें कीं कर्त्यास 'नें' लागतो आणि क्रियापद कर्माच्या मागें जातें. 'देवानें आकाश केलें' यांतील 'केलें' हें आकाशाचें आहे, देवाचें नव्हे. कर्मणि प्रयोगाचा हा नियम आमचीं मुलें परीक्षेपुरता पाठ करितात!

सर्वच तोटा आहे असें नाहीं. इब्रींत 'तूं' हा शब्द पुरुषास 'अत्ता' व स्त्रीस 'अत्त' असा वेगळा आहे. इंग्रजींत हा भेद नाहींसा होतो, म्हणून गीतरत्नांत कोण कोणास बोलत आहे हें कित्येक इंग्रजी आवृत्त्यांस मथळे घालून सांगावें लागतें. मराठींत 'तूं देखणी' म्हटलें कीं काम झालें.

आमच्या धाराशिव जिल्ह्यास तर हा विषय अगदीं परका नसावा. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता आणि शाळा-कचेऱ्यांत उर्दूचा अंमल होता. जेर, जबर, पेश लिहिलेले नसतांही संदर्भावरून शब्द वाचण्याची संवय त्या पिढीच्या शिकलेल्या माणसांस होती. इब्री लेखनही उजवीकडून डावीकडे जाणारें व मूळांत स्वरचिन्हांवांचूनचें. स्वरांच्या आणि विरामांच्या खुणा पुष्कळ शतकांनीं जोडल्या गेल्या. 'मेलेख' म्हणजे राजा, हें मलिक अंबराचें नांव ऐकलेल्या मुलास समजावयास कठीण नाहीं. विरामाची गोष्टही लहान नव्हे. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायांतील वाणी अरण्यांत उठते, कीं वाट अरण्यांत करावयाची आहे? इब्री विरामखुणा दुसऱ्या अर्थाकडे नेतात. शुभवर्तमानांत पहिला घेतलेला आहे.

मराठींत हा अभ्यास नवा नाहीं. डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं मुंबईस मराठींतून इब्री व्याकरण प्रसिद्ध केलें. कोकणांतून आलेले बेने इस्राएल लोक त्यांच्या डोळ्यांपुढें होते. संस्कृतांत वाढलेल्या पंडिता रमाबाईंनीं प्रौढपणीं इब्री व ग्रीक शिकून सर्व शास्त्र मराठींत आणिलें. त्या १९२२ सालीं वारल्या. केडगांवच्या मुक्ति मिशनमधून तें भाषांतर १९२४ सालीं बाहेर पडलें.

वचनावरून भांडणें आम्हीं पुष्कळ ऐकिलीं आहेत, आणि दोन्हीकडचे लोक बहुधा मराठी वाक्यावरच भांडत असतात. म्हणून आमची सूचना अशी कीं, आठवड्यास एक तास एकाच वचनाचीं दोन-तीन मराठी भाषांतरें फळ्यावर शेजारीं शेजारीं लिहावीं. कर्ता कोठें गेला, क्रियापद कोणाच्या मागें लागलें, हें मुलांनींच शोधावें. शिक्षकास इब्री येत नसलें तरी आरंभास अडत नाहीं. पहिला तास उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायाचा ठेवावा, आणि ज्या पालकांस शंका असेल त्यांनीं खुशाल मागच्या बाकावर येऊन बसावें.