प्रवाहाच्या वरच्या अंगाला



एका वाचक भगिनीचे पत्र समोर आहे. वडिलांचे वय ७४. त्यांचे बालपण कृष्णाकाठी गळ टाकण्यात गेले. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, प्रकृती आता स्थिर आहे. हिमाचलातील तीर्थन नदीवर जाऊन ट्राउट मासा धरावा, अशी त्यांची इच्छा आहे. भगिनी लिहितात, ‘मी स्पष्ट नकार दिला. तेव्हापासून बाबा माझ्याशी कामापुरतेच बोलतात. माझे चुकले का?’

ताई, आपली काळजी रास्त आहे. तरीही अंतिम उत्तर देण्यापूर्वी हा छंद नेमका कसा आहे, ते पाहू या.

ट्राउट हा थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यातला मासा. इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभी तो काश्मीर आणि कुलूच्या नद्यांत आणून सोडला गेला. त्याला धरण्यासाठी गळाला गांडूळ किंवा कणीक लावत नाहीत. पीस आणि दोरा गुंडाळून केलेली हुबेहूब कीटकासारखी ‘माशी’ लावतात. ती इतकी हलकी असते की स्वतःच्या वजनाने दूर जात नाही. जाड दोरीच्या वजनावर ती पुढे न्यावी लागते. काठी मागे न्यायची, दोरी पाठीमागे सरळ होईपर्यंत क्षणभर थांबायचे, मग पुढे आणायची. येथे बळापेक्षा लय महत्त्वाची, म्हणूनच उतारवयातही ही कला शिकता येते. अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेली ‘कास्टिंग फॉर रिकव्हरी’ ही संस्था स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांना हीच कला शिकवते. दोरी फेकण्याची ही हालचाल शस्त्रक्रियेनंतरच्या खांद्याच्या व्यायामांशी मिळतीजुळती आहे.

धोका आहे तो पाण्यात उतरण्यात. तळाचे गोटे शेवाळाने निसरडे असतात. बर्फाचे पाणी अंगाला लागताच रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. म्हणून प्रथम हृदयरोगतज्ज्ञांची संमती घ्यावी. दोन जिने न थांबता चढताना छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर ते आधी त्यांच्या कानावर घालावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर वरकरणी बरे वाटत असले तरी तातडीने रुग्णालय गाठावे. त्यासाठी सर्वांत जवळचे रुग्णालय कोठे आहे, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. नेहमीची औषधे जलरोधक पिशवीत जवळ असावीत. उडता गळ डोळ्याला लागू नये म्हणून चष्मा, तसेच टोपी अवश्य वापरावी.

बंजार, गुशैणी ही तीर्थनकाठची गावे फार उंचावर नाहीत. परंतु जवळची जालोरी खिंड ३००० मीटरहून उंच आहे. तेथे जाण्याचा मोह पहिल्या दिवशी टाळावा. मासेमारीसाठी मत्स्य विभागाचा परवाना लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा माशांच्या विणीचा काळ, तेव्हा बंदी असते. मार्च-एप्रिलचे दिवस ज्येष्ठांना मानवतात. उन्हाळा वाढला की बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढते, म्हणून तेव्हा सकाळच बरी.

आता मुख्य गोष्ट : वाटाड्या. नदीचा स्वभाव जाणणारा स्थानिक माणूस दिवसभरासाठी ठरवावा आणि वडिलांच्या आजाराची त्याला आधीच कल्पना द्यावी. पाण्यात उतरायचेच झाले, तर गुडघ्याच्या वर जाऊ नये. हातात आधाराची काठी असावी, तोंड प्रवाहाकडे ठेवावे आणि एक पाऊल टेकल्यावरच दुसरे उचलावे. अशा वेळी जाणता वाटाड्या प्रवाहाच्या वरच्या अंगाला उभा राहतो. पाण्याचा जोर तो स्वतःच्या पायांवर घेतो, त्यामुळे शेजारच्याला उभे राहणे सोपे जाते. गरज पडली तर दंडाला धरतो. मासेमारीची काठी मात्र तो आपल्या हाती घेत नाही.

ताई, शुश्रूषा करणाऱ्याची जागाही नेमकी हीच आहे, असे मला वाटते. तपासण्या, परवाना, औषधे, वाटाड्या हा सारा भार आपण घ्यावा. काठी बाबांच्या हाती राहू द्यावी. डॉक्टरांनी पाण्यात उतरण्यास मनाई केली, तर काठावरच्या सपाट खडकावरूनही दोरी फेकता येते. प्रवासालाच मनाई झाली, तर घराजवळच्या मैदानावर गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून सराव करता येतो. पण ते उत्तर डॉक्टरांकडून बाबांनी स्वतः ऐकावे. तपासणीला दोघांनी मिळून जावे.

आणि मासा लागलाच, तर हात ओले करून त्याला अलगद धरावे आणि लगेच पाण्यात सोडून द्यावे. तो आपल्या बळावर प्रवाहात परत जाताना बाबांच्या शेजारी आपण असावे, एवढीच इच्छा.