अर्धं मिनिट उशिरा येणारी चढाई

दीड वर्षापूर्वी आम्ही केबल बंद केली. धुळ्याच्या देवपुरात आमचं घर. कडुनिंबाच्या फांदीवरून गच्चीत उतरलेली ती काळी वायर तीस वर्षं तिथंच होती. तिच्यावर कावळे बसले, वानरं लोंबकळली, दर पावसाळ्यात ती एकदा तुटली आणि दर वेळी केबलवाल्याच्या पोराने ती दातांनी सोलून जोडली. डबा बिघडला तेव्हा नव्या डब्याचे पैसे, जुन्या महिन्याची थकबाकी आणि 'पॅक बदललाय मॅडम' हे तिन्ही एकदम ऐकवण्यात आलं. मी म्हटलं, राहू दे.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "माय वं, बंद करी टाकं? मंग मी काय दखू?" त्यांची सोय नातवाने चार दिवसांत मोबाइलवर केली. आता त्या जेवतानाही मालिका बघतात. प्रश्न उरला माझा. मी एकतीस वर्षं शाळेत क्रीडाशिक्षिका होते, त्याआधी कॉलेजच्या संघातून कबड्डी खेळले. मला मालिका नको, बातम्याही नकोत. मला कबड्डी हवी.

हिशोब मी आधीच करून ठेवला होता. २०१९ च्या फेब्रुवारीत दूरसंचार नियामकाचे नवे नियम आले तेव्हा शंभर वाहिन्यांचं नुसतं जोडणीशुल्क १३० रुपये, वर जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्या शंभरांतल्या आम्ही पाहायचो सहा. खेळांच्या वाहिन्यांचे पैसे वेगळे. स्टार स्पोर्ट्सची एक वाहिनी तेव्हा १९ रुपयांना होती. पाहा तेवढ्याचेच पैसे द्या, असं सांगत आलेल्या या नियमाने आमचं बिल काही उतरलं नाही.

तर केबल गेली आणि मोबाइलवर अ‍ॅप आलं. तीन महिन्यांचे पैसे भरले, फोन साखरेच्या डब्याला टेकवला आणि प्रो कबड्डी लावली. पुणेरी पलटणचा सामना, शेवटची दोन मिनिटं, एका गुणाचा फरक. आमची तिसरी चढाई. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. माझ्या पडद्यावर तो पोरगा मध्यरेषेवर वाकून मातीला, म्हणजे मॅटला, नमस्कार करत होता. तेवढ्यात समोरच्या घरातून आरोळी आली, "गेला रे गेलाऽऽ!" त्यांच्याकडे केबल अजून आहे. माझ्या चढाईपटूने अजून बोनस रेषेकडे पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं आणि तो बाद झाल्याचं मला कळून चुकलं होतं.

कबड्डीची चढाई तीस सेकंदांची असते. अ‍ॅपवरचं चित्र आमच्याकडे साधारण तेवढंच मागे असतं. क्रिकेटमध्ये एवढा उशीर झाला तर फार तर एक चेंडू चुकतो. कबड्डीत अख्खी चढाई आधीच होऊन गेलेली असते आणि आपण तिचं श्राद्ध बघत बसतो. आता सामना असला की मी समोरच्या बाजूची खिडकी लावून घेते. धुळ्याच्या उकाड्यात खिडकी लावून बसणं काय असतं, ते धुळ्यातच राहून बघावं.

मग डिश आणली. दूरदर्शनची फ्री डिश, जी २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली ती. छत्री आणि डबा मिळून एकदाचे दोन हजारांच्या आत पैसे. महिन्याचं काही नाही. आणि इथे मला एक गंमत कळली, जी केबलचे पैसे भरणाऱ्या माझ्या निम्म्या मैत्रिणींना अजून ठाऊक नाही.

२००७ साली संसदेने एक कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून ठरवलेल्या सामन्यांचं प्रक्षेपण, हक्क कुणीही विकत घेतलेले असोत, दूरदर्शनलाही द्यायचं. जाहिरातींच्या पैशांत कंपनीचा वाटा किमान ७५ टक्के, उरलेला प्रसारभारतीचा. ऑलिम्पिक, आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धा त्या यादीत आहेत, भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-२० सामने आहेत. कायदा चांगला. पण २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की असं मिळालेलं चित्र दूरदर्शनने स्वतःच्या प्रक्षेपकांवरून आणि फ्री डिशवरून दाखवावं; केबलवाल्यांना सक्तीने दाखवाव्या लागणाऱ्या वाहिन्यांतून ते जाता कामा नये. कंपनीने शेकडो कोटी मोजून घेतलेला सामना केबलवर मागच्या दाराने फुकट जाऊ नये, हा त्यामागचा न्याय, आणि तो मला पटतो. परिणाम मात्र असा, की भारताच्या सामन्याला माझ्या छत्रीवर फुकट चित्र दिसतं आणि महिन्याला पैसे भरणाऱ्या शेजाऱ्याच्या केबलवर दूरदर्शनच्या त्याच वाहिनीवर भलतंच काहीतरी चाललेलं असतं. तो मला म्हणतो, "ताई, तुमचा टीव्ही चांगलाय." मी गप्प राहते. कबड्डीच्या वेळी आरोळी त्याची असते, क्रिकेटच्या वेळी माझी.

माझा भाचा अमेरिकेत मिशिगन राज्यात असतो. केबल तोडल्याचं त्याला सांगितलं तर म्हणाला, "मावशी, मी तर सहा वर्षांपूर्वीच तोडली, पण शनिवारच्या मॅचसाठी परत दोन अ‍ॅप घ्यावी लागली." शनिवारची मॅच म्हणजे कॉलेजची. तिथलं ते अंड्याच्या आकाराच्या चेंडूचं फुटबॉल, आणि खेळणारी पोरं कॉलेजात शिकणारी. त्याच्या गावच्या, अ‍ॅन आर्बरच्या विद्यापीठाच्या मैदानात १ लाख ७ हजार ६०१ माणसं बसतात. आधी मला वाटलं तो थापा मारतोय. तिथे १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कुठल्या कॉलेजचा सामना टीव्हीवर किती वेळा दाखवायचा हे एका मध्यवर्ती संघटनेने ठरवून बाकीच्यांना अडवणं बरोबर नाही. तेव्हापासून कॉलेजं आपापले सामने विकू लागली. मिशिगन ज्या गटात आहे त्या गटाने २०२२ मध्ये सात वर्षांचा करार केला तो सात अब्ज डॉलरच्या वरचा. आता सामने इतक्या ठिकाणी वाटले गेलेत, की शनिवारी सकाळी आपला सामना कुठे लागणार हे शोधणं हाच एक खेळ झालाय, असं भाचा म्हणतो.

मी त्याला विचारलं, "एवढा जीव कशाला टाकता रे पोरांच्या खेळावर?" तो म्हणाला, "आपलं कॉलेज आहे ना, मावशी."

ते वाक्य मला लागलं. आपलं कॉलेज तर मलाही होतं.

१९८८ साली मी जळगावला शिकत होते. तेव्हा आपल्याकडे विद्यापीठ नव्हतं. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० च्या १५ ऑगस्टला झालं, बहिणाबाईंचं नाव त्याला २०१८ मध्ये लागलं. आम्ही पुणे विद्यापीठाच्या पोरी. सामने खेळायला रात्रीच्या एसटीने पुण्याला जायचो, सोबत कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. मी उजव्या कोपऱ्याला. घोटा धरायचा आणि सोडायचा नाही, एवढीच माझी विद्या. त्या वर्षी एका सामन्यात मी पाच पकडी केल्या. वडील पिंप्राळ्याजवळ एका जिनिंगमध्ये हमालांचे मुकादम होते. त्यांनी मला एकदाही खेळताना पाहिलं नाही. पेपरात चार ओळी आल्या, त्यात माझं आडनाव चुकलेलं. वडिलांनी ते कात्रण पाकिटात ठेवलं होतं आणि चुकलेल्या आडनावावर पेनाने बरोबर आडनाव लिहिलं होतं.

सदतीस वर्षांत काय बदललं? मातीतली कबड्डी मॅटवर आली. २०१४ च्या जुलैत प्रो कबड्डी सुरू झाली आणि ज्या खेळाला लोक हुतूतू म्हणून हसायचे, त्याचे खेळाडू जाहिरातीत दिसू लागले. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुलींनी चिनी तैपेईला २६-२५ असं हरवलं आणि भारताचं शंभरावं पदक आलं. त्याआधी २०१८ ला जाकार्तात इराणकडून हरल्या तेव्हा मी रात्री जेवले नव्हते. वरचा मजला असा झगमगता झाला. पण त्या मुली जिथून चढत जातात तो जिना अंधारातच आहे. आंतरमहाविद्यालयीन, मग विद्यापीठाचा संघ, मग महाराष्ट्र-गुजरात-राजस्थान-मध्य प्रदेशातल्या विद्यापीठांची पश्चिम विभागीय स्पर्धा, तिथून अखिल भारतीय. खेलो इंडियाची विद्यापीठ स्पर्धा २०२० ला भुवनेश्वरला सुरू झाली. तिथे पोचलं तर कॅमेरा. शहाद्याच्या, शिरपूरच्या, चोपड्याच्या पोरी तिथे पोचेपर्यंत जे पन्नास सामने खेळतात ते पाहतं कोण? पंच, दोन प्राध्यापक, आणि गेटवर उभी असलेली टपरीवरची पोरं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. केबल तोडून, अ‍ॅप घेऊन, छत्री लावून मला जे दिसलं ते दुसऱ्यांचं होतं. मला पाहायचे होते ते सामने कुठल्याच वायरमध्ये कधी नव्हते. आणि ते दाखवायला सात अब्ज डॉलर लागत नाहीत. एक बरा फोन, एक तिकाटणं आणि समालोचन करणारं एक पोरगं पुरतं. आपल्या विद्यापीठात जनसंवाद आणि पत्रकारिता विभाग आहे. त्या मुलांना प्रात्यक्षिक म्हणून कुलगुरूंची भाषणं टिपायला लावण्याऐवजी जिल्ह्याची कबड्डी थेट दाखवायला लावा आणि त्याचे गुण द्या. आधी अहिराणीत समालोचन करा, मग मराठीत.

याला एक आक्षेप आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. अर्धी चड्डी घालून खेळणाऱ्या मुलींचं चित्रण नेटवर गेलं की खाली काय काय लिहिलं जातं, हे मी माझ्या विद्यार्थिनींच्या तोंडून ऐकलंय. एकीने त्यापायी खेळ सोडला. आमच्या वेळी आम्ही लांब विजार घालून खेळायचो आणि तरीही मैदानाच्या कडेने शिट्ट्या यायच्याच. फरक एवढाच, की त्या तिथेच विरून जायच्या. तेव्हा मुलींना विचारल्याशिवाय कॅमेरा लावू नका. विद्यापीठाच्याच वाहिनीवर दाखवा, खालची लिहायची जागा बंद ठेवा, आणि कॅमेरा कुठे रोखायचा हे खेळ कळणाऱ्या बाईला ठरवू द्या. पण मुलींची काळजी म्हणून त्यांचे सामने झाकून ठेवणं, हे मला मान्य नाही. झाकून ठेवल्याने माझ्या वडिलांचं नुकसान झालं, शिट्ट्या मारणाऱ्यांचं काही झालं नाही.

गेल्या डिसेंबरात एका महाविद्यालयाच्या मैदानावर मुलींचे सामने होते. मी अशीच गेले होते, निवृत्त माणसाला कोण अडवतं. एका संघाची डावा कोपरा सांभाळणारी पोरगी चोपड्याकडची. केळीच्या बागेत तिचे वडील सालदार. त्यांना पाणी सोडून येणं शक्य नव्हतं. तिनेच मला विचारलं, "मॅडम, तुमच्या फोनवरून बापूंना दाखवता का?" मी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन धरून निदान रेषेच्या बाजूला उभी राहिले. पलीकडे केळीची पानं, त्यात एक टोपी, आणि मोटारीचा आवाज. पहिली पंचवीस-तीस मिनिटं मी शहाण्यासारखी उभी होते. शेवटच्या चढाईला समोरची चढाईपटू आत शिरली, डाव्या कोपऱ्याने घोट्याला हात घातला, ती फरफटत निघाली, पण सोडेना, अगदी सोडेना. मग मी काय केलं ते मला आठवत नाही.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. गुण मिळाला, सामना जिंकला, हे पोरीने सांगितलं होतं त्यांना. त्यांचा प्रश्न वेगळाच होता.

"मॅडम, सगळं चांगलं दिसलं. पण शेवटी आभाळ काबरं दाखवलं?"