इव्हो विकताना आधी कागद, मग बॉनेट

मिट्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन टेन भारतात २०१० च्या सुमारास आली आणि मोजक्याच लोकांनी ती घेतली. पनवेलच्या एखाद्या सोसायटीत उभी असलेली अशी इव्हो मालकाने विकायला काढली, की बघायला येणाऱ्याची नजर थेट बॉनेटखाली जाते. टर्बो कंपनीचाच आहे की मोठा बसवलाय? इंटरकूलर, इंजेक्टर, फ्युएल पंप कुठले? इंजिनाच्या संगणकाचा रिमॅप कोणी केला? आरसी बुकाची आठवण होते ती सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा व्हायला हवा.

कारण कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली.

विकणाऱ्याने आणखी एक निकाल लक्षात ठेवावा. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार प्रकरणातली गाडी २००७ मध्ये विकली गेली, पुढे हातोहात फिरली, २००९ मध्ये तिने अपघात केला. आरटीओच्या दप्तरी नाव पहिल्याच मालकाचे होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच ठेवली. ताकद वाढवलेली गाडी नुसत्या टीटी (मालकी हस्तांतरणाच्या) फॉर्मवर सह्या करून देणे म्हणजे हा धोका दुप्पट करून घेणे. कळंबोलीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो आणि घेणाऱ्याला ट्रायल तिथेच हवी असते; ती देऊ नये. शंभरची मर्यादा असलेला तो रस्ता इतरांचाही आहे.

बदलांची माहिती लपवणे तर त्याहून वाईट. टर्बोचा बूस्ट वाढवला की हवेच्या प्रमाणात पेट्रोलही वाढावे लागते. ते कमी पडले तर पिस्टन जातो. १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर ट्यून केलेल्या गाडीत नव्या मालकाने पंपावरचे साधे भरले आणि जोरात दाबली, तर इंजिन नॉक करू लागते, आणि अशा हजार-पंधराशे किलोमीटरमध्ये लाखोंचे इंजिन उघडावे लागू शकते. ट्यूनची फाइल, पार्टची बिले, कॉम्प्रेशन टेस्टचे आकडे हे सगळे लेखी द्यायलाच हवे.

सरकारचीही बाजू कच्ची आहे. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवले तर आरटीओ त्याची आरसीवर नोंद करते. म्हणजे तपासून बदल नोंदवण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. जपानमध्ये ‘शाकेन’ ही सक्तीची तपासणी नव्या मोटारीला तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते, आणि रचनेतला मोठा बदल तपासून नोंदवण्याची सोयही आहे. ब्रेक, धूर आणि आवाजाची चाचणी घेऊन केंद्राने अशी वाट इथेही खुली करावी.

ती वाट खुली होईपर्यंत मालकाने काढून ठेवलेला टर्बो, सायलेन्सर आणि मूळ मॅप परत बसवावा, पीयूसी करून गाडी आधी घेणाऱ्याच्या नावावर चढवावी, मगच चावी द्यावी. बदललेल्या पार्टवर घातलेला पैसा गाडीच्या किमतीत क्वचितच वसूल होतो. ते पार्ट बिलांसह सुटे विकले, तर निदान त्यांना त्यांची किंमत येते.