वारा भाड्यानं घेताना

एक गणित घालते. सोपं आहे, कॅल्क्युलेटर काढू नका.

विमानाचं दार उघडतं १३,००० फुटांवर. शिकाऊ स्कायडायव्हरनं पॅराशूट उघडायचं ५,५०० फुटांवर. मधल्या साडेसात हजार फुटांना किती वेळ लागतो? साधारण ४५ सेकंद. आता एएफएफ, म्हणजे अॅक्सिलरेटेड फ्रीफॉल नावाच्या कोर्समध्ये अशा सात-आठ लेव्हल्स असतात. म्हणजे अख्ख्या कोर्समध्ये तुम्ही खऱ्या अर्थानं 'पडता' ते फक्त पाच-सहा मिनिटं. तीन वेळा मॅगी होईल, बस्स. तेवढ्यात पालथं पडून स्थिर राहायचं, वळायचं, थांबायचं, उंची बघायची आणि वेळेवर हँडल खेचायचं. तेही तोंडाला कोरड पडलेली असताना!

म्हणून शहाणी माणसं आधी वारा भाड्यानं घेतात.

विंड टनेल म्हणजे उभा बोगदा. बहुतेक आधुनिक टनेलमध्ये वर मोठाले पंखे असतात, ते हवा ओढून बाजूच्या मार्गानं खाली आणतात. खाली वाट अरुंद होत जाते, त्यामुळे हवेचा वेग वाढतो (बागेतल्या पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबलं की पाणी कसं जोरात उडतं, तसं). हा वारा जाळीतून वर, काचेच्या गोल खोलीत येतो. आकाशात तुम्ही ताशी १९०-२०० किलोमीटरनं खाली जाता. इथे तुम्ही जागेवर आणि वारा वर. शरीराला फरक कळत नाही. माझ्या आईनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पंख्यावर झोपायचे एवढे पैसे?"

हो आई. मिनिटाच्या हिशेबानं.

पूर्वी या पंख्यासाठी पासपोर्ट लागायचा. दुबई, सिंगापूर, नाहीतर आणखी लांब. २०२२ मध्ये हैदराबादला गंडीपेठ भागात ग्रॅव्हिटीझिप सुरू झालं आणि पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी हा वीकएण्डचा कार्यक्रम झाला. शुक्रवारी रात्री निघा, रविवारी बिर्याणी घेऊन परत. पण बुकिंग करताना पहिला घोळ होतो तो इथेच. वेबसाइटवर मोठ्या अक्षरात दिसतं ते वाढदिवसवाल्यांचं पॅकेज असतं: मिनिटा-मिनिटाच्या दोन फेऱ्या, फोटो, सर्टिफिकेट. धमाल आहे, नाही असं नाही. पण तुम्हाला पुढे विमानातून उडी मारायची असेल तर फोन उचला आणि स्पष्ट सांगा, "मी एएफएफची विद्यार्थिनी आहे, मला कोच आणि सलग ब्लॉक हवाय." त्याचा दर वेगळा, वेळा वेगळ्या, आणि मिळणारं लक्षही वेगळं. कोच स्वतः उड्या शिकवणारा असेल तर सोन्याहून पिवळं. हाताच्या खुणा तो तुमच्या शाळेच्याच वापरेल. दोन बोटं सरळ: पाय लांब कर. दोन बोटं वाकडी: गुडघे मुडप. बोट वर: हनुवटी उचल. हात सैल हलवला: बाई गं, जरा ढिली पड!

ही शेवटची खूण मला पहिल्या दिवशी किती वेळा झाली ते विचारू नका.

मी हे सगळं दुबईतल्या एका टनेलमध्ये केलं. ऑफिसच्या कामाला गेले होते, मध्ये एक दिवस मोकळा होता, आणि हिशेब केला की एवढ्या लांब आलोच आहोत तर एका दमात ३० मिनिटं उडवून टाकू. १० मिनिटं म्हणजे १३ उड्यांइतका वारा, तर ३० मिनिटांत मी जवळजवळ ४० उड्या मारलेली बाई होणार. कागदावर काय सुंदर दिसत होतं!

पहिली सहा-सात मिनिटं खरंच सोनं होती. शलभासन आठवतंय? पालथं पडून छाती आणि पाय उचलायचे. टनेलमधली मूळ पोझ त्याचीच सैल भावंडं, फक्त कंबर सगळ्यात खाली हवी. ते जमलं की वारा आपोआप दोन्ही बाजूंनी सारखा वाहतो आणि तुम्ही पाटावर ठेवल्यासारखे स्थिर. एक गुडघा जरा खाली गेला की भोवरा. आणि एक गंमत फक्त टनेलच सांगू शकतो. माझे पाय घाबरून आखडत होते, गुडघे जास्त मुडपले जात होते, आणि त्यामुळे मी सतत मागे सरकत होते. आकाशात हे कळलंच नसतं. तिथे भिंत कुठे आहे? सगळीकडे नुसतं निळं. टनेलमध्ये मात्र दर दहा सेकंदांनी पार्श्वभाग काचेवर आपटायचा, आणि काचेपलीकडे एक अरबी कुटुंब आईस्क्रीम खात बघत होतं. पाय लांब करायला मी इतकी पटकन दुसरं काही शिकले असते का, शंकाच आहे.

बाराव्या मिनिटाला खांदे गेले. गेले म्हणजे, हात वाऱ्यावर ठेवायचे तर ते थरथरायला लागले. मान आखडली. कोच खुणा करतोय ते दिसत होतं, डोक्यात शिरत नव्हतं. उरलेली अठरा मिनिटं मी चुका पक्क्या करण्यात घालवली, तेही पूर्ण दरानं.

तेव्हा पहिली गोष्ट: नवख्या माणसानं एका दिवसात १० ते १५ मिनिटं, त्याहून जास्त नाही. एखाद्या मैत्रिणीबरोबर अर्ध्या तासाचा ब्लॉक वाटून घेतला तर सगळ्यात उत्तम. ती उडते तेव्हा तुम्ही दम खाता, पाणी पिता, तिच्या चुका बघून स्वतःच्या ओळखता. दोन फेऱ्यांमध्ये व्हिडिओ बघायला वेळ मागून घ्या. आणि प्रत्येक फेरीला एकच काम. या फेरीत नुसतं स्थिर राहणं. पुढच्या फेरीत उजवीकडे ९० अंश वळून थांबणं. वळण्यापेक्षा थांबणं अवघड असतं, हे स्कूटी शिकलेल्या कुणालाही सांगायला नको. सगळं एका फेरीत कोंबलं की काहीच होत नाही.

पण माझी खरी चूक खांद्यांची नव्हतीच. ती कळली दोन महिन्यांनी, थायलंडमध्ये.

एएफएफच्या पहिल्या दोन लेव्हल्स मस्त गेल्या. दोन इन्स्ट्रक्टर दोन्ही बाजूंनी धरून असतात, मी आपली टनेलवाली पोझ लावून निवांत. दोघेही खूश. तिसऱ्या लेव्हलला, मी स्थिर आहे हे बघून दोघांनी हात सोडले. आणि मंडळी, मी उडत होते! कुणी धरलेलं नाही, कुठे आपटत नाही, खाली हिरवी-तपकिरी शेतं, लांबवर समुद्राची रेघ. मला आयुष्यात एवढं छान कधी वाटलं नव्हतं. समोरचा इन्स्ट्रक्टर स्वतःच्या मनगटाकडे बोट दाखवत होता. मी हसून मान डोलावली. त्यानं परत दाखवलं. मग त्यानं बोट ताणून थेट 'खेच!' अशी खूण केली, तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूबलाइट पेटली की मनगटावर अल्टिमीटर नावाची वस्तू आहे. मी खेचेपर्यंत काटा ५,००० च्या खाली गेला होता.

झालं काहीच नाही. पॅराशूट व्यवस्थित उघडलं. इन्स्ट्रक्टर तुमचं हँडल खेचायला तयार असतो, आणि त्याच्याही खाली, ठरावीक उंचीवर तुम्ही अजून वेगातच असाल तर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारं यंत्र पाठीवर असतं. पण खाली उतरल्यावर त्यानं मला बाजूला बसवलं. ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, टनेलमध्ये एक फेरी किती वेळाची होती?

दोन मिनिटांची.

दुसरं गणित इथे आहे, आणि ते मी आधी घालायला हवं होतं. १३,००० फुटांवरून पॅराशूट न उघडता पडलात तर जमिनीला पोहोचायला साधारण सव्वा मिनिट लागतं. सव्वा! माझं शरीर दुबईत दोन-दोन मिनिटं निवांत तरंगायला शिकलं होतं. त्या दोन मिनिटांत ना उंची कमी होत होती, ना काही करायचं होतं. वेळ संपली की दिवे लुकलुकायचे आणि मी दाराशी जायचे. टनेलनं मला उडायला शिकवलं आणि त्याच फीमध्ये घड्याळ विसरायलाही शिकवलं.

लेव्हल नापास. पुन्हा उडीचे पैसे. एका लेव्हलच्या खर्चात अंदाजे १० मिनिटांचं टनेल येतं, म्हणजे बघा, मी त्या अठरा वाया गेलेल्या मिनिटांत आणखी भर घातली.

आता कुणी म्हणेल, पुण्याच्या शीतल महाजन यांनी कुठे टनेल केलं होतं? २००४ मध्ये त्यांनी आयुष्यातली पहिलीच उडी मारली ती थेट उत्तर ध्रुवावर. खरं आहे, आणि त्याबद्दल साष्टांग नमस्कार. पण त्या शीतल महाजन आहेत. आपण लोक चतुःशृंगीच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबणारे.

तर मी काय बदललं, ते सांगते. घरी आल्यावर टनेलचा दुसरा बेत आखला, यावेळी हैदराबादचा, फक्त १० मिनिटांचा. कोचला आधीच फोनवर सांगितलं, मला दोन मिनिटांच्या पाच फेऱ्या नकोत, एक-एक मिनिटाच्या दहा दे. प्रत्येक फेरी म्हणजे एक पूर्ण उडी. आत आले की स्थिर हो, मनगट बघ. एक वळण, मनगट बघ. दर पाच सेकंदांनी नजर तिकडे गेलीच पाहिजे. ४०व्या सेकंदाला दोन्ही हात डोक्यावर हलवून 'मी उघडतेय' ही खूण, मग उजवा हात कमरेमागे हँडलच्या जागी आणि त्याच वेळी डावा डोक्यापुढे. एकच हात मागे नेला तर तोल जाऊन गिरकी बसते. टनेलमध्ये दोनदा बसली, ती तिथे बसलेलीच बरी. टनेलमध्ये अल्टिमीटर घालू देतील की नाही हे आधी विचारा. मी विचारत बसले नाही. लहानपणी आपण मनगटावर पेनानं घड्याळ काढायचो ना, पट्ट्यासकट? तेच काढलं. काटे ५,५०० वर.

बाकी टनेल काय शिकवत नाही, तेही मनात असू द्या. विमानाच्या दारातून बाहेर पडणं तिथे नाही. उघडलेलं पॅराशूट चालवणं नाही, उतरणं नाही. आणि या खेळातल्या अपघातांचा मोठा वाटा नीट उघडलेल्या पॅराशूटखाली, उतरतानाचाच असतो. त्यासाठी जमिनीवरचा क्लास, सिम्युलेटरचा पट्टा आणि इन्स्ट्रक्टरची बडबड, याला पर्याय नाही. कोर्सच्या आधी १०-१५ मिनिटं टनेल करा, मग सरळ जाऊन उड्या मारा. कुठे अडलात तरच परत टनेलकडे या, तेव्हा नेमकं काय दुरुस्त करायचंय हे ठाऊक असतं. आधीच तासभर घोकून जाणाऱ्यांचा आत्मविश्वास माझ्यासारखा होतो.

दोन-चार किरकोळ गोष्टी. अंगठ्या, कानातलं, मंगळसूत्र, गळ्यातला गणपती, हातातले दोरे, सगळं लॉकरमध्ये. दोरा सोडवत नसेल तर निदान टेपखाली झाका, पण आधी विचारून. लेसचे घट्ट बूट घाला. कानात इअरप्लग. चष्म्यावरून बसणारे गॉगल मिळतात. खांदा पूर्वी कधी निखळला असेल तर फॉर्मवर लपवू नका, वारा तो पहिल्या मिनिटात शोधून काढतो. जेवण हलकं. बिर्याणी नंतर.

तिसरी लेव्हल मी सात आठवड्यांनी परत दिली. तोच इन्स्ट्रक्टर. यावेळी हात सुटले तेव्हा समुद्राकडे बघितलंच नाही. ५,५०० ला खेचलं, बरोब्बर. खाली आल्यावर त्यानं व्हिडिओ लावला आणि मोठ्यानं मोजायला लागला. ४५ सेकंदांत मी मनगटाकडे चौदा वेळा बघितलं होतं. पास केलं त्यानं. मग म्हणाला, पुढच्या उडीला थोडं आकाशही बघ.