दोनशे डॉलरची निर्भयता

अमेरिकेत एखाद्या कारखानदाराने नवे स्वस्त पिस्तूल बाजारात आणले की त्याची पहिली परीक्षा नेमबाजीच्या मैदानावर होते. शस्त्रविषयक नियतकालिकाचा परीक्षक ते पिस्तूल घेऊन मैदानावर जातो, सात यार्डांवर आणि पंचवीस यार्डांवर कागदी लक्ष्ये लावतो, दोनशे किंवा पाचशे काडतुसे उडवतो आणि आपला अभिप्राय लिहितो. चाप किती पौंडांच्या दाबाने सुटतो, गोळी सुटताच नळी किती उसळते, मूठ तळहातात नीट बसते की नाही, कागदावर गोळ्यांचा पुंजका किती इंचांचा पडला आणि काडतूस किती वेळा अडकले, या सर्वांची बारीक नोंद होते. पिस्तूल दोनशे-तीनशे डॉलरचे असेल तर अभिप्रायाचा समारोपही बहुधा ठरलेला असतो: या किमतीत याहून अधिक अपेक्षा बाळगणे अन्यायाचे होईल!

परीक्षक प्रामाणिक असतो असेच धरून चालू. खोट आहे ती प्रश्नपत्रिकेत. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ज्याला ग्राहकाचे सार्वभौमत्व म्हणतात, त्या कल्पनेवर ही प्रश्नपत्रिका बेतलेली आहे. वस्तू विकत घेणाऱ्याला जे जाणवते तेवढेच तिचे गुण आणि तेवढेच तिचे दोष. चहाच्या पत्तीला किंवा चपलेला हे माप कदाचित पुरेल. पण जी वस्तू तिच्या मालकाखेरीज त्याच्या बायकोमुलांच्या, शेजाऱ्यांच्या आणि अनोळखी वाटसरूंच्या आयुष्याशी जोडलेली आहे, तिला हे माप लावणे म्हणजे धरणाची पाहणी करताना केवळ पाण्याचा रंग पाहून परतण्यासारखे आहे.

शिवाय ज्या ग्राहकासाठी हे सारे चालते तो तरी कोण? साध्या ९ मिलिमीटर काडतुसाची किंमत पाव डॉलरच्या आसपास धरली, तर परीक्षकाने उडवलेली पाचशे काडतुसे सव्वाशे डॉलरची होतात. दोनशे डॉलरचे पिस्तूल मोठ्या काटकसरीने घेणारा रखवालदार किंवा गोदामातला मजूर सरावावर एवढा खर्च करील, अशी कल्पना करणेही कठीण आहे. तो पन्नास काडतुसांची एक पेटी आणतो, पाचदहा उडवून पाहतो आणि पिस्तूल उशाच्या खणात ठेवून देतो. पिस्तूल विकत घेण्यापूर्वी ते चालवण्याचे शिक्षण घेतले पाहिजे, अशी सक्ती अमेरिकेचा संघीय कायदा करीत नाही. तेव्हा मैदानावर परीक्षा होते ती एका निष्णात नेमबाजाच्या हातातल्या वस्तूची. विकली जाते ती मात्र खणातली वस्तू.

या स्वस्त पिस्तुलाचा इतिहास उद्बोधक आहे. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या आणि त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने बंदुकांवरील नियंत्रणाचा कायदा केला. परदेशातून येणारी लहान, स्वस्त पिस्तुले, ज्यांना तिकडे ‘सॅटर्डे नाइट स्पेशल’ असे कुचेष्टेचे नाव आहे, क्रीडोपयोगी नाहीत म्हणून त्यांची आयात त्या कायद्याने बंद केली. परंतु तीच वस्तू देशात बनवण्यास मात्र मोकळीक ठेवली. म्हणजे सार्वजनिक सुरक्षिततेच्या नावाने जे झाले ते प्रत्यक्षात देशी कारखानदाराला दिलेले जकातीसारखे संरक्षण होते. जर्मनीच्या एका कंपनीने पिस्तुलांऐवजी सुटे भाग पाठवले आणि मायामीत ते जोडून विकायला सुरुवात केली. १९८१ साली अध्यक्ष रेगन यांच्यावर झाडलेले रिव्हॉल्व्हर डॅलसमधल्या गहाणवटीच्या दुकानातून घेतलेले याच घराण्यातले होते. तिकडे लॉस एंजेलिसच्या परिसरात जॉर्ज जेनिंग्ज या गृहस्थाने १९७० च्या सुमारास रेव्हन आर्म्स हा कारखाना काढला. पाठोपाठ त्यांचे नातेवाईक आणि स्नेही यांचे जेनिंग्ज, ब्रायको, डेव्हिस, लॉर्सिन असे कारखाने उभे राहिले. पोलादाऐवजी जस्ताचा मिश्रधातू साच्यात ओतायचा, तो ३८० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो म्हणून इंधन आणि यंत्रे दोन्ही स्वस्त पडतात. मुलांच्या खेळण्यातल्या ओतीव मोटारी याच जातीच्या धातूच्या असतात. किरकोळ किंमत शंभर डॉलरच्या आत. कॅलिफोर्नियातील डॉक्टर गॅरन विंटेमूट यांनी १९९४ साली या कारखान्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यानुसार १९९२ साली अमेरिकेत बनलेल्या पिस्तुला-रिव्हॉल्व्हरांपैकी सुमारे एकतृतीयांश या मूठभर कारखान्यांतून आली होती.

आता ब्रायकोचे प्रकरण पाहावे, कारण मैदानावरची प्रश्नपत्रिका माणसाच्या जिवावर कशी बेतते हे त्यात उघड दिसते. १९९४ साली कॅलिफोर्नियात एका घरात सात वर्षांच्या मुलाजवळ एक परिचित तरुण ब्रायकोचे पिस्तूल रिकामे करू पाहत होता. त्या पिस्तुलाची रचना अशी, की आतले काडतूस काढायचे तर सुरक्षेचा खटका आधी उघडावा लागे. खटका उघडला, गोळी सुटली, मुलाच्या हनुवटीत लागली आणि तो मानेखाली कायमचा पंगू झाला. खटका लावलेला असताना पिस्तूल रिकामे करू गेल्यास काडतूस अडकत असे, ती अडचण झाकण्यासाठी कारखान्याने ही रचना केली, असा युक्तिवाद मुलाच्या वकिलांनी केला. ज्यूरीने रचना सदोष ठरवली आणि २००३ साली कारखानदार व वितरक मंडळींच्या वाट्याला सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई आली.

परीक्षक आपल्या वहीत काय मोजतो? काडतूस किती वेळा अडकले ते! अडकणे ग्राहकाला दिसते, त्याची तक्रार येते, त्याने विक्री घटते. शेजारी उभे असलेले मूल ग्राहक नसते. वकिलांचे म्हणणे खरे धरले तर कारखानदाराने बाजाराच्या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न अचूक सोडवला, एवढेच म्हणावे लागते. पुढचा भाग तर याहून भेदक आहे. निकाल लागताच कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. २००४ च्या लिलावात मुलाच्या बाजूच्या लोकांनी ती विकत घेऊन उरलेली पिस्तुले वितळवून टाकण्याचा प्रयत्न केला. परंतु कारखान्याच्याच एका माजी फोरमनने ५ लाख १० हजार डॉलरची बोली लावून ती घेतली आणि नव्या नावाने तोच धंदा पुढे चालू ठेवला.

यावर कोणी म्हणेल की सरकार कशाला आहे? अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी १९७२ च्या कायद्याने एक आयोग नेमला गेला. मुलांच्या खेळण्यातली बंदूक त्याच्या अधिकारात येते; खरी बंदूक त्याच कायद्याने त्याच्या कक्षेबाहेर ठेवली. त्यामुळे सदोष पिस्तूल बाजारातून परत घ्यायला लावण्याचा अधिकार त्या आयोगाला नाही. ब्राझीलच्या टॉरस कंपनीच्या नऊ प्रकारच्या जवळजवळ दहा लाख पिस्तुलांबद्दल, ती जमिनीवर पडल्यास सुटू शकतात अशी फिर्याद झाली, तेव्हा २०१५ साली कंपनीने दोष अमान्य करूनच तडजोड केली. २००५ साली तर काँग्रेसने आणखी एक कायदा करून शस्त्रांच्या गुन्हेगारी वापराबद्दलच्या बहुतेक दाव्यांतून कारखानदारांना अभय दिले. आणि दोष केवळ स्वस्त मालात असतो असेही नाही. अमेरिकी लष्कराने ज्याच्या घाटाचे पिस्तूल जानेवारी २०१७ मध्ये निवडले, त्या सिग कंपनीच्या महागड्या पी-३२० ची नागरी आवृत्ती विशिष्ट कोनातून पडल्यास सुटते हे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उघड झाले, आणि कंपनीने ‘स्वेच्छेने’ दुरुस्ती देऊ केली. स्वेच्छा हा शब्द येथे महत्त्वाचा आहे.

मैदानावरची परीक्षा समाजाच्या बाजूनेही घेता येते, हे कॅलिफोर्निया राज्याने दाखवून दिले. २००१ पासून तेथे विक्रीस येणाऱ्या प्रत्येक नव्या नमुन्याची तीन पिस्तुले स्वतंत्र प्रयोगशाळेत जातात. प्रत्येकातून सहाशे काडतुसे उडवली जातात. पहिल्या वीसांत एकही बिघाड चालत नाही आणि एकूण सहापेक्षा अधिक चालत नाहीत. मग ती वेगवेगळ्या बाजूंनी पाडून पाहतात. मैदान तेच, काडतुसेही तीच, पण पाडून पाहण्याची ही एक कसोटी शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या वतीने लावली जाते.

येथे एका गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो डावीकडूनही येतो. स्वस्त पिस्तुलावर रोख धरणे म्हणजे गरिबाला निःशस्त्र करून श्रीमंताचे पिस्तूल प्रतिष्ठित ठेवणे नव्हे काय? या आक्षेपाला इतिहासाचा भक्कम आधार आहे. १८७९ साली टेनेसी राज्याने लष्करी व नाविक बनावटीची महाग रिव्हॉल्व्हरे सोडून बाकी सर्वांची विक्री बंद केली. गोऱ्या माजी सैनिकांच्या घरी ती महाग शस्त्रे होतीच. वंचित राहिले ते नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय आणि गरीब गोरे. किमतीची चाळणी लावून केलेले नियंत्रण हे वर्गीय आणि वर्णीय नियंत्रण होते, हे समाजवाद्यांनी निःसंदिग्धपणे मान्य केले पाहिजे. ज्या वस्तीत पोलीस बोलावूनही येत नाहीत, किंवा आले तर ज्याने बोलावले त्यालाच भिंतीशी उभे करतात, तेथल्या माणसाने दोनशे डॉलर टाकून निर्भयता विकत घेऊ पाहिली, तर त्याला हसण्याचा अधिकार सुरक्षित वस्तीतल्या कोणालाही नाही.

परंतु त्याच्या पदरात काय पडते ते तपासून पाहावे. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांपैकी २६,३२८, म्हणजे निम्म्याहून अधिक, आत्महत्या होत्या. कॅलिफोर्नियातील अडीच कोटींहून अधिक प्रौढांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांचे बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण न बाळगणाऱ्या पुरुषांच्या सुमारे आठपट आणि स्त्रियांत सुमारे पस्तीसपट आढळले. उशाचे शस्त्र ज्या चोरासाठी घेतले तो बहुधा येतच नाही. नोकरी गेल्याची, घटस्फोटाची, आजारपणाची रात्र मात्र येते. हातात दुसरे साधन असते तर अशा रात्रींतून अनेकजण वाचतात. पिस्तूल असेल तर क्वचितच कोणी वाचतो. हा खर्च दोनशे डॉलरच्या चिठ्ठीवर नसतो. तो इस्पितळाच्या, विधवेच्या आणि अनाथाच्या खात्यावर पडतो. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने अशा परभाऱ्या खर्चावर करआकारणी सुचवून शंभर वर्षे उलटली. गंमत अशी की अमेरिकेत पिस्तुलावर दहा टक्के संघीय कर आहे, पण १९३७ च्या कायद्याने तो जातो वन्य प्राण्यांच्या संवर्धनाकडे! बंदुकीच्या पैशातून हरणांची आणि बदकांची काळजी वाहिली जाते. माणसांसाठी असा कर लावायला कॅलिफोर्नियाला जुलै २०२४ उजाडावे लागले.

भारतीय वाचकाला हे सारे दूरचे वाटेल. आपल्याकडे स्वस्त पिस्तूल म्हटले की गावठी कट्टा आठवतो, आणि परवान्याचे पिस्तूल ही आमदार-बिल्डरांची मिरवण्याची वस्तू. पण वर उल्लेखिलेल्या टॉरस कंपनीने २०२० साली जिंदल उद्योगसमूहाशी भागीदारीचा करार केला आहे आणि तिचा कारखाना हरियाणात हिसारला आहे. आणि निर्भयता विकण्याची कल्पना तर आपल्या सरकारी कारखान्याला त्याआधीच सुचली होती. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर २०१३ च्या अर्थसंकल्पात स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी हजार कोटींचा निर्भया निधी जाहीर झाला. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने स्त्रियांसाठी म्हणून टायटॅनियम मिश्रधातूचे हलके रिव्हॉल्व्हर विक्रीस आणले. नाव ‘निर्भीक’, किंमत १ लाख २२ हजारांच्या घरात. ती बळी पडलेली मुलगी रात्री बसची वाट पाहत उभी होती. तिच्या वडिलांनी तिच्या शिक्षणासाठी जमीन विकली होती. निर्भया निधीतला मोठा भाग पहिली काही वर्षे खर्चावाचून पडून राहिला.